धोक्यात असणे: नव्या करारातल्या 'किंदुनेउओ' या ग्रीक शब्दाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बायबल अभ्यासवर्गात करिंथकरांस पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय चालू होता आणि तिसाव्या वचनाशी गाडी अडली. पौल विचारतो, आम्ही तरी घडोघडी धोक्यात का राहतो? कुणी म्हणाले, हे संकट आहे; कुणी म्हणाले, संकट वेगळे आणि धोका वेगळा; एका ताईंनी विचारले की मूळ ग्रीकमध्ये आहे तरी काय? त्या दिवसापासून हा एक शब्द माझ्या मागे लागला. नंतर वर्गात, फोनवर, प्रवचनानंतर अंगणात उभे राहून लोकांनी जे जे विचारले, ते इथे एकत्र केले आहे. वचनांचे मराठी शब्दांकन सगळीकडे माझे आहे. मुळाच्या जास्तीत जास्त जवळ राहावे म्हणून ते थोडे खडबडीत ठेवले आहे.

हा शब्द नेमका कोणता, आणि तो कुठे कुठे येतो?

क्रियापद 'किंदुनेउओ' आणि त्याचे नाम 'किंदुनोस'. क्रियापद नव्या करारात फक्त चार वेळा येते: लूक ८:२३, प्रेषितांची कृत्ये १९:२७ आणि १९:४०, आणि १ करिंथ १५:३०. नाम नऊ वेळा येते, पण वचने दोनच: रोम ८:३५ मध्ये एकदा आणि २ करिंथ ११:२६ मध्ये एका दमात आठ वेळा. स्ट्राँगच्या शब्दसूचीत (बायबलमधल्या प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक देणारी सूची) क्रियापदाचा क्रमांक २७९३ आणि नामाचा २७९४ आहे, म्हणजे मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये शोधणे सोपे.

एवढ्या कमी ठिकाणी येणाऱ्या शब्दाचा एक फायदा असतो. सगळी वचने एका बैठकीत, एकाच कागदावर उतरवून शेजारी शेजारी ठेवता येतात. मी तेच केले, आणि पुढची बहुतेक उत्तरे त्या एका कागदावरून आली आहेत.

उच्चार कसा करायचा?

महाविद्यालयात शिकवतात त्या पद्धतीने 'किंदुनेउओ', त्यातला 'उ' ओठ गोल करून 'इ' म्हटल्यासारखा. आजचा ग्रीक माणूस 'किन्दिनेवो' असे म्हणेल. दोन्ही चालतात, फक्त एकाच व्याख्यानात दोन्ही मिसळू नका.

'धोक्यात असणे' हा अर्थ तर सरळ आहे. मग ग्रीक कशाला बघायचे?

कारण मराठीत धोका ही एक जागा आहे आणि माणूस त्या जागेत 'असतो', 'येतो' किंवा 'सापडतो'. ग्रीकमध्ये धोका हे क्रियापद आहे.

मराठी व्याकरणात आपण नामधातू शिकतो. राग वरून रागावणे, पाणी वरून पाणावणे, सुख वरून सुखावणे, डोके वरून डोकावणे. ग्रीकमध्ये '-एउओ' हा प्रत्यय असेच काम करतो. 'दूलोस' म्हणजे दास, 'दूलेउओ' म्हणजे दास म्हणून राबणे. 'बासिलेउस' म्हणजे राजा, 'बासिलेउओ' म्हणजे राज्य करणे. तसेच किंदुनोस म्हणजे धोका, आणि किंदुनेउओ म्हणजे... मराठीत 'धोकावणे' असे क्रियापद असते तर तेच. 'डोळे पाणावले' म्हणताना पाणी डोळ्यांच्या बाहेर कुठे नसते. तसाच या क्रियापदात धोका माणसाच्या बाहेर, चार हातांवर उभा नसतो. कर्ता आणि धोका एकाच शब्दात बांधलेले असतात.

चार वचने वाचताना 'धोकावणे' हा न झालेला शब्द मनात ठेवून पाहा.

म्हणजे हा भीतीचा शब्द आहे का?

नाही. भीतीसाठी ग्रीकमध्ये 'फोबोस' आहे आणि तो नव्या करारात पानोपानी सापडतो. किंदुनेउओ मनाची अवस्था सांगत नाही, परिस्थिती सांगते. गाढ झोपलेला माणूसही धोक्यात असू शकतो, आणि थरथर कापणारा माणूस पूर्ण सुरक्षित असू शकतो. प्रवचनात या दोन गोष्टींची सरमिसळ फार होते म्हणून मुद्दाम लिहिले.

लूक ८:२३ मध्ये हा शब्द काय करतो?

या वचनावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आहे, आणि उत्तर थोडे लांबेल.

येशू आणि त्याचे शिष्य नावेतून सरोवर ओलांडत आहेत. शब्दशः असे आहे: 'ते तारू हाकारत असता तो झोपी गेला. आणि वाऱ्याचे वावटळ सरोवरावर उतरले, आणि ते भरत चालले होते, आणि धोक्यात होते.'

पहिल्यांदा 'उतरले' पाहा. लूक 'आले' किंवा 'सुटले' म्हणत नाही. गालील सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर खाली आहे, लांबी साधारण २१ किलोमीटर, रुंदी १३, आणि भोवती चढ. वारा खरोखरच वरून खाली येतो. शिवाय लूक या पाण्याला 'सरोवर' म्हणतो. मत्तय आणि मार्क त्यालाच 'समुद्र' म्हणतात.

मग 'ते भरत चालले होते'. कोण? व्याकरण बघितले तर कर्ता अनेकवचनी आहे, माणसे आहेत. पाणी नावेत भरते आहे, पण क्रियापद माणसांना लावले आहे. आपण नाही का म्हणत, 'घाटात आम्ही पंक्चर झालो'? पंक्चर चाक झालेले असते, पण वाट आपली अडलेली असते. लूकच्या वाक्यात नाव आणि माणसे तशीच एक झाली आहेत. १९८६ मध्ये दुष्काळाने पाणी ओसरले तेव्हा याच सरोवराच्या काठी, गिनोसारजवळ, चिखलात रुतलेली साधारण पहिल्या शतकातली एक नाव सापडली. लांबी ८.२७ मीटर, रुंदी २.३ मीटर. एवढ्याशा लाकडात दहा-बारा माणसे बसली की नाव भरली आणि माणसे भरली यात फारसे अंतर उरत नाही.

आणि शेवटी 'एकिंदुनेउओन'. हा अपूर्ण भूतकाळ आहे, म्हणजे क्रिया चालू होती, संपली नव्हती. एकदाच काही घडून गेले असे लूक सांगत नाही. लाट आली, पाणी उपसले, पुन्हा लाट आली, आणि हे सगळे चालू असताना ते धोक्यात होते, धोक्यातच होते. आधीचे 'भरत चालले होते' हेही त्याच काळातले. दोन्ही क्रियापदे अर्धवट लटकत ठेवून लूक वाक्य संपवतो.

आता पुढचे वचन. शिष्य येशूला उठवतात आणि म्हणतात, 'गुरुजी, गुरुजी, आम्ही बुडालो!' इथे क्रियापद वेगळे आहे: 'आपोल्लुमी', नाश होणे. लेखक म्हणतो ते धोक्यात होते. शिष्य म्हणतात आम्ही संपलो. दोन क्रियापदांमधले हे अंतर मला फार महत्त्वाचे वाटते. लूकने धोका खोटा ठरवलेला नाही, शिष्य उगाच घाबरले असेही लिहिलेले नाही. पण धोका आणि नाश एकच आहेत असे त्याला म्हणायचे नाही. 'तुमचा विश्वास कोठे आहे?' हा येशूचा प्रश्न या दोन शब्दांच्या मधल्या जागेत पडतो.

मत्तय आणि मार्कमध्ये हाच शब्द आहे का?

वादळाची गोष्ट तिथेही आहे, हे क्रियापद नाही. चारही शुभवर्तमानांत ते फक्त लूक ८:२३ मध्ये येते. येशूच्या स्वतःच्या तोंडी ते एकदाही नाही.

जुन्या करारात हा शब्द सापडतो का?

जुना करार हिब्रूमधला, पण त्याचे ग्रीक भाषांतर, म्हणजे सप्तती, इ.स.पू. तिसऱ्या शतकापासून होत गेले आणि पहिल्या मंडळीच्या हातात तेच होते. त्यात हा शब्द आहे, आणि एक जागा तर लूकच्या वचनाशी थेट बोलते.

योना १:४. परमेश्वराने समुद्रावर मोठा वारा सोडला, आणि 'जहाज फुटण्याच्या धोक्यात होते'. ग्रीक शब्द 'एकिंदुनेउएन'. तेच क्रियापद, तोच अपूर्ण भूतकाळ. लगेच पुढच्या वचनात योना जहाजाच्या तळाशी झोपलेला आहे. ग्रीक भाषांतरकार तर तो घोरत होता असेही सांगतात. वादळ, झोपलेला माणूस, घाबरलेले खलाशी, झोपलेल्याला उठवणे: सप्तती ऐकत वाढलेल्या माणसाला लूक वाचताना योना आठवल्याशिवाय राहिला नसेल. एक फरक मात्र लक्षात घ्या. योनात धोक्यात आहे ते जहाज, एकवचनी. लूकमध्ये धोक्यात आहेत ती माणसे.

योनाच्या हिब्रू वचनात याहून सुंदर गोष्ट आहे. तिथे धोक्याचा शब्दच नाही. शब्दशः ते म्हणते, 'जहाजाने फुटायचा विचार केला.' ग्रीक भाषांतरकाराने त्या विचार करणाऱ्या जहाजासाठी किंदुनेउओ निवडला. फुटण्याच्या काठावर येऊन उभे राहणे, अजून फुटलेले नसणे: दोन्ही भाषांनी आपापल्या वाटेने तीच जागा गाठली.

बाकीच्या जागा थोडक्यात. उपदेशक १०:९ मध्ये लाकडे फोडणारा त्यांच्यामुळे धोक्यात येतो. अगदी घरच्या कुऱ्हाडीचा धोका. दानीएल १:१० च्या जुन्या ग्रीक भाषांतरात राजाचा अधिकारी म्हणतो, 'माझी मान धोक्यात येईल.' आपणही नोकरीत असेच म्हणतो, मान माझी जाणार आहे. आणि बेनसिराच्या ग्रंथात, प्रवासाच्या अनुभवाविषयी बोलताना, 'पुष्कळदा मी मरणापर्यंत धोक्यात आलो' असे वाक्य आहे. हा ग्रंथ कॅथलिक बायबलमध्ये आहे, प्रोटेस्टंट बायबलमध्ये नाही. त्यामुळे वसईच्या किंवा गोव्याच्या घरातल्या बायबलमध्ये तो मिळेल आणि अहिल्यानगरच्या (आधीच्या अहमदनगरच्या) घरात कदाचित मिळणार नाही.

प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये हा शब्द दोनदा का येतो?

कारण इफिस शहरात दंगा झाला त्या दिवशी दोन वेगळ्या माणसांना दोन वेगळे धोके दिसले.

पहिला देमेत्रिय, रुपेकाम करणारा सोनार. अर्तमी देवीची चांदीची लहान देवळे घडवून विकणे हा त्याचा धंदा, आणि त्यावर कारागिरांची पोटे चालत. पौलाच्या उपदेशाने गिऱ्हाईक तुटू लागले, तेव्हा त्याने सगळ्या कारागिरांना गोळा केले आणि म्हणाला (१९:२७), 'आपला हा धंदा बदनाम होण्याच्या धोक्यात आहे, एवढेच नव्हे, तर महादेवी अर्तमीचे देऊळही कवडीमोल ठरेल.' क्रम पाहा. आधी धंदा, मग देवी. देमेत्रियाला मी दुष्ट ठरवत नाही. पोटावर पाय आला की कोणताही कारागीर असाच बोलतो, आणि लूकने (कृत्ये हे पुस्तकही त्याचेच) त्याचे म्हणणे मोकळेपणाने, त्याच्याच तोंडी दिले आहे.

ते देऊळ काही साधे नव्हते. प्राचीन जगाच्या सात आश्चर्यांत त्याची गणना होती. १८६९ मध्ये जॉन टर्टल वुड या इंग्रजाने त्याचे अवशेष शोधून काढले. आज तुर्कस्तानात सेल्चुक गावाजवळ त्या जागी पाणथळ जमिनीत जुने तुकडे रचून उभा केलेला एकच खांब दिसतो.

दुसरा माणूस शहराचा चिटणीस. जमाव नाट्यगृहात घुसला. त्या नाट्यगृहात सुमारे २४,००० ते २५,००० माणसे मावत असत, आणि ते आजही उभे आहे. दोन तास एकच घोष चालला, 'इफिसकरांची अर्तमी थोर!' आपण का जमलो हे बहुतेकांना ठाऊक नव्हते, असे लूक लिहितो. तेव्हा चिटणीस उभा राहिला. सरकारी माणूस, शांत डोक्याचा. न्यायालये आहेत, प्रांताधिपती आहेत, ज्याला तक्रार करायची त्याने तिकडे जावे, असे सांगून तो शेवटी म्हणाला (१९:४०), 'आजच्या प्रकारावरून आपल्यावर दंग्याचा ठपका येण्याचा धोका आहे.' शब्द 'किंदुनेउओमेन', आपण धोक्यात आहोत. हा धोका रोमचा होता. दंगा खपवून घेणाऱ्या शहराचे अधिकार काढून घेणे रोमला अवघड नव्हते.

१ करिंथ १५:३० चा या सगळ्याशी काय संबंध?

इथे तो कागद कामाला आला. पौलाने हे पत्र कुठून लिहिले? १६:८ मध्ये तो स्वतः सांगतो: 'पन्नासाव्या दिवसाच्या सणापर्यंत मी इफिसात राहीन.' म्हणजे नव्या करारात हे क्रियापद चार वेळा आले आहे आणि त्यांतली तीन ठिकाणे इफिसाशी बांधलेली आहेत. आणि पौल कोणते रूप वापरतो? 'किंदुनेउओमेन'. चिटणिसाच्या तोंडी असलेले तेच रूप, अक्षर न् अक्षर तेच. पौलाने चिटणिसाचे शब्द उचलले असे मी म्हणत नाही. पत्र आणि दंगा यांचा क्रम मी इथे जुळवत नाही. पण एकाच शहरात एकाच शब्दाने दोन माणसांनी आपला धोका सांगितला, हे वाचकाच्या डोळ्यांसमोर आहे.

आता व्याकरणातला एक फरक, जो मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. किंदुनेउओ दोन प्रकारे वापरतात. एका प्रकारात पुढे दुसरे क्रियापद येते आणि धोका कशाचा ते सांगते. देमेत्रिय: बदनाम होण्याचा. चिटणीस: ठपका येण्याचा. योनाचे जहाज: फुटण्याचा. दुसऱ्या प्रकारात पुढे काहीच येत नाही. लूक ८:२३ तसे आहे आणि १ करिंथ १५:३० तसे आहे. 'आम्ही धोक्यात आहोत.' बस. कशाचा धोका हे सांगायचीही गरज नाही, कारण जीवच पणाला लागला आहे.

गमावण्यासारखे काही हातात असलेल्या माणसाला आपल्या धोक्याचे नाव घेता येते: धंदा, अब्रू, शहराचे हक्क. नावेतल्या शिष्यांना आणि पौलाला ते नाव घ्यावे लागत नाही.

पौल प्रश्न का विचारतो?

कारण तो पुनरुत्थानाचा मुद्दा मांडतो आहे. मेलेले उठत नसतील तर आम्ही हे सगळे का करतो, असा त्याचा सवाल आहे. पुढच्याच वचनात 'मी रोज मरतो', त्याच्या पुढच्यात 'इफिसात मी श्वापदांशी लढलो', आणि मग यशया २२:१३ मधले वाक्य: 'चला, खाऊ, पिऊ, कारण उद्या मरायचे आहे.' धोका त्याच्यावर नुसता आलेला नाही, तो त्यात रोज पाय ठेवतो आहे, म्हणून तर 'का' विचारता येते. नावेतल्या शिष्यांना कुणी 'तुम्ही धोक्यात का राहता' असे विचारणार नाही. वादळ त्यांच्यावर उतरले. या वचनापुरते मराठीत 'धोक्यात आहोत' यापेक्षा 'जीव धोक्यात घालतो' जास्त बसते.

'घडोघडी' हेही चांगले भाषांतर आहे. ग्रीकमध्ये 'प्रत्येक तास' आहे. त्या काळचा तास म्हणजे उजेडाच्या वेळेचा बारावा भाग. आपली घटका २४ मिनिटांची. पौलाला घड्याळ लावायचे नव्हते, त्याला खंड नाही एवढेच सांगायचे होते.

मग मराठीत 'संकट' म्हणायचे की 'धोका'?

मराठी बायबल वाचणाऱ्याच्या तोंडी 'संकट' इतके बसले आहे की हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो. माझे मत 'धोका' या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे.

संकट आपल्यावर कोसळते, आलेले असते. धोका अजून यायचा असतो. घराला आग लागली की संकट, गॅसचा वास आला की धोका. किंदुनेउओ गॅसच्या वासाचा शब्द आहे.

'संकट' या शब्दाचा उगम पाहिला तर मुद्दा आणखी पक्का होतो. संस्कृतात 'संकट' म्हणजे अरुंद, आवळलेले. 'गिरिसंकट' म्हणजे डोंगरातली चिंचोळी वाट, खिंड. आणि ग्रीकमध्ये याच कल्पनेचा एक वेगळाच शब्द आहे, 'स्तेनोखोरिया': 'स्तेनोस' म्हणजे अरुंद, 'खोरा' म्हणजे जागा. रोम ८:३५ मध्ये पौल सात गोष्टी मोजतो तेव्हा त्यांत स्तेनोखोरिया दुसरी आहे आणि किंदुनोस सहावा. आपल्या 'संकट' शब्दाची खरी सोयरीक स्तेनोखोरियाशी आहे. तो शब्द दोन्हीकडे वापरला तर पौलाने वेगळ्या केलेल्या दोन गोष्टी मराठीत एक होऊन जातात.

त्या यादीचा क्रमही बघण्यासारखा आहे: क्लेश, कोंडी, छळ, उपासमार, उघडेपण, धोका, तलवार. धोका तलवारीच्या आधी आहे, तिच्या इतका जवळ की पुढचे पाऊल तलवारीचेच.

'धोका' शब्दाला एक अडचण आहे, ती कबूल करतो. हिंदीच्या संगतीने 'धोका दिला' म्हणजे फसवले असाही अर्थ ऐकू येतो. वाक्यात 'धोक्यात' असे सप्तमीचे रूप ठेवले की तो गोंधळ राहत नाही.

आणि 'जोखीम'?

हा प्रश्न एका व्यापारी गृहस्थांनी विचारला होता, आणि त्यांच्या प्रश्नात दम होता. इजिप्तच्या वाळूत सापडलेल्या ग्रीक कागदांत, म्हणजे पपायरसवर लिहिलेल्या भाडेकरारांत आणि कर्जाच्या दस्तांत, किंदुनोस हा रोजचा शब्द आहे. शेत खंडाने घेणारा लिहून देतो की खंड 'सर्व धोक्यांपासून मुक्त' राहील. म्हणजे पीक बुडाले तरी जमीनमालकाचे देणे बुडणार नाही, जोखीम कुळाची. आपल्याकडे वाहनतळावर पाटी असते, 'वाहने स्वतःच्या जबाबदारीवर उभी करावीत'. ती पाटी त्या काळच्या ग्रीकमध्ये लिहायची झाली तर किंदुनोस हा शब्द तिथे चपखल बसला असता.

तेव्हा नुकसान कुणाच्या अंगावर पडेल, हा अर्थही शब्दात आहे. व्यवहाराच्या संदर्भात 'जोखीम' उत्तम. वादळातल्या नावेसाठी मात्र तो कोरडा वाटतो.

२ करिंथ ११:२६ मध्ये एकच शब्द आठ वेळा का?

त्या वचनात मुख्य क्रियापदच नाही, 'आणि' नाही, श्वास घ्यायला जागा नाही. मोठ्याने वाचा: नद्यांचे धोके, लुटारूंचे धोके, स्वजनांकडून धोके, परराष्ट्रीयांकडून धोके, नगरात धोके, रानात धोके, समुद्रात धोके, खोट्या भावांमध्ये धोके.

पौल याच शब्दाने प्रत्येक वेळी पुन्हा सुरुवात करतो, आणि ग्रीकमध्ये रचना दोनदा पालटते: पहिले दोन 'चे', मग दोन 'कडून', मग चार 'मध्ये'. मराठीत ती जशीच्या तशी ठेवता येते, हे आपल्या विभक्तींचे भाग्य. भाषांतर करताना पुनरुक्ती टाळण्याच्या नादात कुणी धोके, संकटे, आपत्ती असे शब्द बदलत गेले, तर पावलांचा तो ठेका मोडतो. आदल्याच वचनात त्याने तीनदा तारू फुटल्याचे आणि एक दिवस-रात्र भर समुद्रात काढल्याचे सांगितले आहे, आणि तरीही समुद्र यादीत सातवा आहे. शेवटची जागा खोट्या भावांची.

इंग्रजी शब्दसूचीत मत्तय ५:२२ पण 'धोक्यात' म्हणून दाखवतात. तोही हाच शब्द आहे का?

नाही, आणि ही चूक बरेच जण करतात. जुन्या इंग्रजी किंग जेम्स भाषांतरात 'जो आपल्या भावावर रागावतो तो न्यायाच्या धोक्यात आहे' अशा आशयाची वाक्यरचना आहे. ग्रीकमध्ये तिथे 'एनोखोस' आहे. त्याचा अर्थ पकडीत असलेला, शिक्षेस पात्र. तिथे 'कदाचित' नाही. मराठी बायबलमधले 'शिक्षेस पात्र' तिथे इंग्रजीपेक्षा जास्त अचूक आहे. मराठी वाचकाने आपले मराठी सोडून इंग्रजीच्या दारातून ग्रीककडे जायचे कारण नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतले आणि अख्खे बायबल सोप्या मराठीत आणले. वाट सरळही आहे आणि जुनीही.

जवळचे आणखी दोन शब्द सांगतो. कृत्ये २७:९ मध्ये प्रवास 'धोक्याचा' झाला होता. तिथे 'एपिस्फालेस' आहे, पाय घसरावा असा. त्या अध्यायात २७६ माणसांचे तारू फुटते, तरी लूक तिथे किंदुनेउओ वापरत नाही. आणि फिलिप्पै २:३० मध्ये पौलाचा सहकारी एपफ्रदीत जिवावर उदार झाला, तिथे 'पाराबोलेउओमाई' आहे, जीव डावावर लावणे.

प्लेटोमध्ये याच क्रियापदाचा अर्थ 'बहुधा' असा होतो म्हणतात. खरे का?

खरे आहे. सॉक्रेटिस आपल्या बचावाच्या भाषणात म्हणतो की या एका बाबतीत मी बहुधा शहाणा असेन, आणि तिथे क्रियापद किंदुनेउओ आहे. आपण 'पाऊस येण्याचा संभव आहे' म्हणतो, त्या बाजूला शब्द सरकला. पण तो अथेन्सच्या बोलीतला वापर आहे. नव्या करारातल्या चारही जागी खरा धोका आहे. तिथे 'बहुधा' घुसवू नका.

शब्दाची व्युत्पत्ती काय?

त्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. 'हलणे' या अर्थाच्या 'किनेओ'शी तो जोडून सुंदर प्रवचन करता येते, पण ते प्रवचन शब्दावर उभे राहत नाही.

आजच्या ग्रीसमध्ये हा शब्द आहे का?

आहे, आणि जिवंत आहे. विजेच्या खांबावर, खोदलेल्या रस्त्याजवळ पाटी असते: 'किन्दिनोस'. आपल्याकडे कवटीच्या चित्राखाली 'धोका' लिहिलेले असते, तशीच. दोन हजार वर्षांत त्याचा अर्थ जवळजवळ हललेला नाही.

घरी अभ्यास करायचा असेल तर कुठून सुरुवात करू?

चार वचने हाताने वहीत उतरवा, एकाखाली एक. प्रत्येकासमोर दोन गोष्टी लिहा: धोक्यात कोण आहे, आणि पुढे धोक्याचे नाव दिले आहे की नाही. मग लूक ८ शेजारी योना १ उघडा. आमच्या वर्गात त्या ताईंनी हे केले आणि पुढच्या रविवारी वही घेऊन आल्या. देमेत्रियासमोर त्यांनी 'दुकान' लिहिले होते, चिटणिसासमोर 'शहर', शिष्यांसमोर 'जीव'. पौलासमोरची जागा कोरी होती. मी विचारले तेव्हा म्हणाल्या, इथे 'जीव' लिहायला गेले होते, पण त्याने तो आधीच देऊन टाकलेला दिसतो, पुढच्या वचनात रोज मरतो म्हणतो ना.